कुळाची खूण मणक्यात

१८६० साली ब्रिटिश आरमाराचे ‘बुलडॉग’ हे जहाज उत्तर अटलांटिकची खोली मोजत फिरत होते. तारायंत्राची केबल आइसलँड आणि ग्रीनलँडच्या वाटेने अमेरिकेपर्यंत टाकता येईल का, हे पाहण्याची ती मोहीम होती. कप्तान लिओपोल्ड मॅक्लिंटॉक यांच्यासोबत जॉर्ज चार्ल्स वॉलिक नावाचे डॉक्टर निसर्गअभ्यासक म्हणून गेले होते. एका ठिकाणी दोर १,२६० वाव खाली गेला. आजच्या मापाने सुमारे २,३०० मीटर. तो वर ओढला तेव्हा तळावर लोळलेल्या शेवटच्या टप्प्याला तेरा भंगुरतारे बिलगून आले होते आणि ते बाहू हलवत होते.

त्या काळी याचे मोल फार होते. एडवर्ड फोर्ब्स या नामवंत अभ्यासकाने १८४१-४२ मध्ये ‘बीकन’ जहाजावरून एजियन समुद्राचा तळ खरवडून पाहिला होता. जसजसे खोल जावे तसतसे प्राणी विरळ होत जातात, हे त्याला दिसले. त्यावरून त्याने असा हिशेब मांडला की साधारण ३०० वावांच्या खाली जीवसृष्टी संपत असणार. हे मत पुढे बरीच वर्षे प्रमाण मानले गेले. खरे तर त्याच्याही आधी, १८१८ साली, बॅफिनच्या उपसागरात जॉन रॉस यांच्या दोरावर ८०० वावांच्या खुणेखाली एक देखणा, फांद्याफांद्यांचा प्राणी गुंतून आला होता. तोही भंगुरताऱ्यांचाच भाईबंद. पण त्या नोंदीकडे कोणी फारसे लक्ष दिले नाही. वॉलिक यांच्या बाबतीतही शंका काढणारे होतेच: दोर वर येताना मधल्या पाण्यातच हे प्राणी चिकटले नसतील कशावरून? वॉलिक यांनी त्यांची पोटे उघडून पाहिली. आत ग्लोबिजेरिना या सूक्ष्म जीवांची कवचे सापडली. त्या तळावरचा गाळ त्याच कवचांचा बनलेला होता. प्राणी जेवला होता तो तळावर. माझ्या मते खोल समुद्राच्या जीवशास्त्रातला हा सर्वांत सुंदर युक्तिवादांपैकी एक आहे, कारण तो प्राण्याच्या शरीराच्या आत जाऊन केलेला आहे. या प्रकरणात आपल्यालाही तेच करायचे आहे. खोल पाण्यातले भंगुरतारे बाहेरून पाहिले की माणूस चकतो. त्यांची ओळख पटते ती आत शिरल्यावर.

भंगुरतारे हा कंटकचर्मी संघातला एक वर्ग आहे. तारामासे, समुद्रकाकड्या, सी-अर्चिन आणि समुद्रकमळे ही त्याच संघातली बाकीची मंडळी. या पाच वर्गांत जातींच्या संख्येने सर्वांत मोठा वर्ग भंगुरताऱ्यांचा. आजवर वर्णन झालेल्या जाती दोन हजारांहून अधिक आहेत. किनाऱ्यावरच्या खडकांच्या सांदीपासून सहा-सात हजार मीटर खोलीवरच्या गाळापर्यंत ते सगळीकडे आढळतात. तारामाशाचे बाहू मध्यभागी एकमेकांत मिसळून जातात, मधली चकती कुठे संपते आणि बाहू कुठे सुरू होतो हे नेमके सांगता येत नाही. भंगुरताऱ्याची चकती मात्र ठळकपणे वेगळी असते आणि तिच्याखालून सडपातळ, वळवळते बाहू निघतात. बहुतेकांना पाच, काहींना सहा, क्वचित त्याहून जास्त.

बाहू कापून पाहिला तर आत जवळजवळ पोकळी नसतेच. तारामाशाच्या बाहूत पचनग्रंथी आणि जननग्रंथी भरलेल्या असतात. इथे मात्र एकापुढे एक लागलेले चुनखडीचे मणके सगळी जागा व्यापतात. प्रत्येक मणका म्हणजे दोन तुकड्यांचा सांधून झालेला एक तुकडा. दोन शेजारच्या मणक्यांमध्ये चार स्नायू असतात, दोन वर आणि दोन खाली. मणक्यांना बाहेरून चार पट्ट्यांचे चिलखत असते: एक पाठीवर, एक पोटाकडे आणि दोन बाजूंना. बाजूच्या पट्ट्यांवर काटे असतात. या बाजूच्या पट्ट्या नीट लक्षात ठेवाव्यात, कारण पुढची अर्धी गोष्ट त्यांचीच आहे.

मणके, पट्ट्या, काटे, सगळे कॅल्साइटचे. पण ते भरीव नसतात. सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्येक तुकडा त्रिमितीय जाळी म्हणून दिसतो आणि त्या जाळीच्या छिद्रांतून जिवंत ऊती भरलेली असते. चमत्कार असा की एवढी गुंतागुंतीची जाळी असूनही प्रकाशाच्या दृष्टीने एक तुकडा हा एकच स्फटिक असतो. तुकडे एकमेकांना ज्या ऊतीने बांधलेले असतात ती चेतासंस्थेच्या हुकमाने काही क्षणांत ताठ किंवा सैल होऊ शकते. शत्रूने बाहू धरला की प्राणी त्या जागची ऊती सैल सोडतो आणि बाहू तुटून शत्रूच्या तोंडात राहतो. नंतर तो पुन्हा वाढतो. खोल समुद्रातून आलेल्या नमुन्यांतही अर्धवट वाढलेली बाहूंची टोके कितीतरी दिसतात. तिथल्या काळोखातही कोणी ना कोणी त्यांना कुरतडत असते, हे त्यावरून कळते.

बाहूंच्या खालच्या बाजूने नालपाद निघतात. तारामाशाच्या नालपादांना चूषक असतात. भंगुरताऱ्यांच्या नालपादांना नसतात. ते चालण्यापेक्षा चाचपण्यासाठी, अन्नाचे कण गोळा करण्यासाठी जास्त उपयोगी पडतात. चालायचे काम बाहूच करतात, वल्ही मारावीत तसे. तोंड चकतीच्या खाली, पाच जबड्यांचे. जबड्यांवर दात असतात आणि कडेला बारीक कंगोरे. पोट ही नुसती बंद पिशवी. आतडे नाही आणि गुदद्वारही नाही. जे पचत नाही ते आल्या वाटेने परत जाते. चकतीच्या खालच्या बाजूला प्रत्येक बाहूच्या बुडाशी दोन फटी असतात आणि त्या दहा पातळ पिशव्यांत उघडतात. पाणी आत-बाहेर होऊन श्वसन इथे चालते, अंडी आणि शुक्राणू इथूनच बाहेर पडतात आणि काही जातींत पिल्लेही इथेच वाढतात. पाण्याच्या नळ्यांचे तंत्र बाहेरच्या समुद्राशी ज्या सच्छिद्र पट्टीने जोडलेले असते तीही इथे खालच्या बाजूला, तोंडाजवळच्या एका पट्टीत सामावलेली असते. तारामाशात ती पाठीवर असते.

एवढाच संच. मणके, चार पट्ट्या, काटे, नालपाद, पाच जबडे, दहा पिशव्या. खोल समुद्रातला कितीही चक्रावून टाकणारा भंगुरतारा घेतला तरी तो याच संचातून घडलेला असतो. एखादा भाग बेसुमार वाढतो, एखादा आटून जातो.

ऑफिओम्युसियमचेच बघा. वायव्हिल थॉमसन यांनी १८७३ मध्ये वर्णन केलेली ऑफिओम्युसियम लायमनी ही जाती, जिचे प्रजातीनाम आता ऑफिओम्युसा असे बदलले आहे, अटलांटिक, हिंदी आणि प्रशांत या तिन्ही महासागरांच्या उतारांवर विपुल आहे. तिचे बाहू चिनीमातीचे असावेत तसे गुळगुळीत आणि ताठ असतात. बाजूच्या पट्ट्या इतक्या वाढल्या आहेत की वर आणि खाली त्या एकमेकींना भिडतात. पाठीच्या आणि पोटाच्या पट्ट्या जवळजवळ नाहीशा झाल्या आहेत. नालपादांची छिद्रे फक्त बुडाच्या काही मोजक्या सांध्यांवर. बाकीचा सगळा बाहू बंद नळी. नालपादांवाचून बाहूने भागते, असे हे शरीर सांगते.

ॲस्ट्रोफियुरात हाच बदल उलट्या दिशेने टोकाला गेला. वॉल्टर पर्सी स्लेडन यांनी १८७९ मध्ये या प्रजातीचे वर्णन केले तेव्हा ते बुचकळ्यात पडले होते. प्राणी पंचकोनी, चपटा, तारामाशाच्या अंगलटीचा. बाहूंच्या बुडाकडच्या बाजूच्या पट्ट्या रुंद होऊन एकमेकींत अडकल्या आहेत आणि त्यांचे एक सलग छत झाले आहे. त्या छताच्या पाच कोपऱ्यांतून बाहूंची नखाएवढी टोके तेवढी बाहेर डोकावतात. हा प्राणी दगडावर छत टेकवून बसतो. स्लेडन यांना वाटले, तारामासे आणि भंगुरतारे यांना जोडणारा दुवा हाती आला. त्यांचे निरीक्षण अचूक होते, अनुमान मात्र टिकले नाही. ॲस्ट्रोफियुरा भंगुरताऱ्यांच्या एका अगदी नेहमीच्या गणात बसतो. जे दुव्यासारखे दिसले ते त्याच्या जगण्याच्या रीतीतून आलेले होते.

ऑफिओथोलिया तर आणखी निराळा. थिओडोर लायमन यांनी १८८० मध्ये त्याच्या एका जातीला ‘सप्लिकन्स’, म्हणजे विनवणी करणारा, असे नाव दिले, कारण त्याचे बाहू खाली पसरलेले नसून तोंडाच्या दिशेने एकत्र उभे असतात. चकती मऊ. बाहूंवर नेहमीचे काटे आहेतच, शिवाय सूक्ष्मदर्शकाखाली अगदी इवल्या, दांड्यासकट उघडलेल्या छत्र्या दिसतात. हे छत्रीदार काटे त्याच्या जवळच्या ऑफिओहीलस या प्रजातीतही आहेत. लायमन यांनी ऑफिओहीलसच्या एका जातीचे नावच ‘अंबेला’ ठेवले. अशी खूण मिळाली की वर्गीकरण करणाऱ्याचा जीव भांड्यात पडतो. बाहूंची ठेवण परिस्थितीने बदलू शकते, पण छत्रीच्या आकाराचा काटा सहजासहजी दोनदा उपजत नाही.

आणि पर्लोफियुरा. सोव्हिएत अभ्यासकांनी १९७२ मध्ये वर्णन केलेला हा प्रौढ प्राणी काही मिलिमीटरांचाच. त्याची चकती जेमतेम काही मोठ्या पट्ट्यांची बनलेली आहे: मधे एक आणि भोवती पाच. इतर भंगुरताऱ्यांच्या नुकत्याच तळावर उतरलेल्या पिल्लांची चकती नेमकी अशीच असते. पुढे वाढताना त्या पट्ट्यांच्या मधून नवनव्या पट्ट्या फुटत जातात. पर्लोफियुरात ते फुटणे थांबले. प्राणी प्रजननाला तयार झाला, पण सांगाडा बाल्यातच राहिला. साबिने स्टर आणि अलेक्झांडर मार्टिनोव्ह यांनी २०१६ मध्ये दाखवून दिले की खोल पाण्यातल्या भंगुरताऱ्यांत असे बाल्य टिकून राहणे वारंवार घडले आहे आणि त्यातून नवनव्या घडणी निघाल्या आहेत. अन्न अत्यल्प असलेल्या तळावर लहान राहणे परवडते, असे मला त्यावरून वाटते. वर्गीकरणाला मात्र हा मोठा धोका आहे. वेगवेगळ्या कुळांतले बाल्यरूप प्राणी एकमेकांसारखे दिसू लागतात, कारण पिल्ले सगळ्यांची सारखीच असतात.

आता ज्यांच्यासाठी थोडे थांबायलाच हवे ते यूरियालिड. रॉस यांच्या दोराला गुंतलेला तो प्राणी याच गणातला. लिनियस यांनी १७५८ मध्ये याच घराण्यातल्या एका जातीला मेडुसाच्या मस्तकाचे नाव दिले. ग्रीक पुराणातल्या त्या स्त्रीच्या डोक्यावर केसांऐवजी साप होते. आजचे तिचे नाव गॉर्गोनोसेफॅलस कॅपुटमेडुसी. तिचा प्रत्येक बाहू चकतीपासून निघताच दुभागतो, त्या फांद्या पुन्हा दुभागतात, पुन्हा आणि पुन्हा, शेवटी केसाएवढ्या टोकांपर्यंत. प्रवाहात उंच जागी बसून हा प्राणी आपले सारे बाहू पसरतो आणि वाहत येणारे छोटे कवचधारी जीव टिपतो. बाहूंवर बारीक आकड्यांचे पट्टे असतात. जीव लागला की ती फांदी त्याच्याभोवती वळते.

ही वळण्याची ताकद कुठून येते? मणक्यांतून. सर्वसाधारण भंगुरताऱ्यांच्या दोन मणक्यांमधला सांधा खुंट्या आणि खोबणींचा असतो. एका मणक्याच्या खुंट्या दुसऱ्याच्या खोबणींत बसतात. बाहू डावी-उजवीकडे सहज झुलतो, पण वर-खाली गुंडाळायला गेले की खुंट्या अडवतात. यूरियालिडांच्या सांध्यात खुंट्या नाहीत. दोन्ही बाजूंना डमरूच्या आकाराचे पृष्ठभाग, एकावर एक आडवे-उभे टेकलेले. त्यामुळे बाहू कुठल्याही दिशेला वळतो आणि टोकापासून बुडापर्यंत वेटोळे घालू शकतो. शिवाय यूरियालिडांचे चिलखत जाड कातडीखाली झाकलेले असते. वरून पट्ट्या दिसत नाहीत.

वेटोळे घालता आले की प्रवाळाला धरून राहता येते. खोल समुद्रात तळावरचे पाणी मंद असते, पण तळाच्या काही फूट वर प्रवाह चांगला वाहतो आणि अन्नाचे कण घेऊन जातो. ज्याला उंच जागा मिळाली त्याचे भले. ॲस्टेरोनिक्स लोव्हेनी हा समुद्रलेखणीच्या दांड्यावर बसतो. ऑफिओक्रियास इडिपस या जातीने तर एक पाऊल पुढे टाकले आहे. ही जाती मेटॅलोगॉर्गिया मेलॅनोट्रायकोस या एकाच प्रवाळावर राहते. वायव्य अटलांटिकच्या सागरी पर्वतांवर पाणबुड्या यंत्रांनी केलेल्या पाहणीत असे दिसले की बहुतेक प्रवाळावर भंगुरतारा असतो तो एकच. लहान प्रवाळावर लहान, मोठ्यावर मोठा. म्हणजे पिल्लू कोवळ्या प्रवाळावर येऊन बसते आणि दोघे बरोबरीने वाढतात. खोल पाण्यातले प्रवाळ अनेक दशके, काही तर शतके जगतात. एका प्राण्याने आयुष्यभर दुसऱ्याची सोबत करावी, तीही काळोखात आणि कधीही न सोडता, असे उदाहरण कंटकचर्मींत मला दुसरे माहीत नाही.

या सोबतीत प्रवाळाचाही फायदा असतो का, हे एका दुर्घटनेमुळे तपासता आले. २०१० मध्ये मेक्सिकोच्या आखातात तेलविहीर खोदणाऱ्या डीपवॉटर होरायझन या फलाटावर स्फोट झाला आणि खोल पाण्यातल्या प्रवाळांवर तेलाचे अवशेष साचले. पॅरामुरिसिया या प्रवाळावर ॲस्टेरोश्कीमा हा यूरियालिड राहतो. पुढच्या वर्षांत काढलेल्या छायाचित्रांची तुलना केल्यावर असे आढळले की भंगुरताऱ्याच्या वेटोळ्याजवळचा प्रवाळाचा भाग कमी खराब झाला होता आणि अधिक लवकर सावरला होता. बाहू हलता राहतो, साचलेला थर झटकला जातो, एवढे साधे काम. पण तेवढ्याने फांदी वाचली.

आता वर्गीकरणाकडे येऊ. १८७२ ते १८७६ या काळात ‘चॅलेंजर’ जहाजाने जगभरच्या समुद्रांचे तळ खरवडले. त्यातले भंगुरतारे गेले हार्वर्डच्या संग्रहालयातल्या थिओडोर लायमन यांच्याकडे. हे गृहस्थ अमेरिकन यादवीत जनरल मीड यांच्या पदरी अधिकारी होते आणि पुढे काँग्रेसचे सदस्यही झाले. १८८२ मध्ये त्यांचा भंगुरताऱ्यांवरचा जाडजूड अहवाल निघाला. खोल समुद्रातल्या या वर्गाच्या अभ्यासाचा पाया त्यांनी घातला. पण नवनवे प्रकार इतके आले होते की त्यांची कुळे लावणे हा पेच होऊन बसला.

१८९२ मध्ये जेफ्री बेल यांनी सांध्यांवर बोट ठेवले. खुंटी-खोबणीवाले एकीकडे, डमरूवाले दुसरीकडे, फांद्यांचे बाहू असलेले तिसरीकडे. १९१५ मध्ये जपानच्या हिकोशिचिरो मात्सुमोतो यांनी आतल्या सांगाड्याचे बारकावे घेऊन सगळी मांडणी नव्याने केली. बाहेरच्या पट्ट्यांऐवजी आतल्या तुकड्यांकडे पाहण्याची त्यांची दिशा बरोबर होती, हे आज स्पष्ट दिसते. तरी एक मोह कोणालाच आवरला नाही. ज्यांच्या अंगावर जाड कातडी आहे आणि पट्ट्या आटलेल्या आहेत, त्या सगळ्यांना जवळचे मानण्याचा. ऑफिओमिक्सिडी हे कूळ अशा कातडीवाल्यांचे आश्रयस्थान झाले. शिवाय यूरियालिड इतके वेगळे दिसतात की ते बाकी सर्वांपासून फार पूर्वीच फुटून निघालेले असणार, असेही गृहीत धरले गेले.

ही घडी मोडली जनुकांनी. मेलबर्नच्या संग्रहालयातले टिम ओ’हारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये ५२ जातींची ४२५ जनुके ताडून वंशवृक्ष काढला. पुढे आणखी शेकडो जाती घेऊन २०१७ मध्ये नवी मांडणी जाहीर केली. आता भंगुरताऱ्यांचे दोन मोठे गट आणि सहा गण मानले जातात. यूरियालिडांचे सख्खे निघाले ते ऑफियुरिडा: ताठ बाहूंचे, कडक पट्ट्यांचे, गाळावर सरपटणारे. म्हणजे डमरूसारखा सांधा हा काही आदिम वारसा नाही. तो त्या एका फांदीवर घडला. आणि कातडीवाल्यांचे कूळ फुटले. त्यातले काही एका गणात गेले, काही दुसऱ्यात. पट्ट्या आटून कातडी जाड होणे एकदाच नव्हे, अनेकदा घडले होते.

मला या कामातला सर्वांत मोठा लाभ वेगळाच वाटतो. जनुकांनी वंशवृक्ष दिला, त्यानंतर त्या वृक्षाशी जुळणारी खूण शरीरात कुठे आहे हे शोधणे शक्य झाले. ती सापडली बाजूच्या पट्टीत. या पट्टीच्या बाहेरच्या कडेवर काटे ज्या जागी बसतात तिथे दोन छिद्रे असतात, एक स्नायूचे आणि एक चेतातंतूचे, आणि त्यांच्याभोवती कंगोरे. छिद्रे एकत्र आहेत की वेगळी, कंगोरे समांतर आहेत की वळण घेणारे, यावरून गण आणि बऱ्याचदा कूळही सांगता येते. लक्झेंबर्गच्या संग्रहालयातले बेन थुई यांनी साबिने स्टर यांच्यासोबत अनेक जातींच्या पट्ट्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहून ही भाषा बसवली.

याचे महत्त्व कशात आहे? भंगुरतारा मेला की काही दिवसांत त्याचे तुकडे विखुरतात. अखंड जीवाश्म विरळाच. पण एका बाहूत शंभर मणके धरले तरी पाच बाहूंच्या मिळून एक हजार बाजूच्या पट्ट्या एक प्राणी मागे ठेवतो. त्या मिलिमीटरभराच्या असतात आणि गाळात टिकतात. माती चाळली की सापडतात. पूर्वी त्या कोणाच्या हे सांगता येत नसल्यामुळे पेट्यांत पडून राहायच्या. आता प्रत्येक पट्टी कोणत्या कुळाची ते बोलते. अटलांटिकच्या तळातून छिद्र पाडून काढलेल्या सुमारे ११.४ कोटी वर्षांपूर्वीच्या गाळात थुई आणि सहकाऱ्यांना कंटकचर्मींचे असे तुकडे मिळाले आणि आजच्या खोल समुद्रातल्या कुळांचे पूर्वज तेव्हाही तिथेच होते असे दिसले. खोल समुद्रातले जीव त्यामानाने अलीकडे उथळ पाण्यातून खाली गेले, या जुन्या समजुतीला त्याने हादरा दिला.

आणि मग ऑफिओजुरा. २०११ मध्ये फ्रेंच मोहिमेने न्यू कॅलेडोनियाजवळच्या ड्युरांड या सागरी पर्वतावरून, ३६० ते ५६० मीटरांच्या दरम्यान, एक नमुना आणला. चकती सुमारे तीन सेंटिमीटरची, बाहू आठ, प्रत्येक दहा सेंटिमीटरचा, अंगावर काटे आणि आकडे, जबड्यांत टोकदार दातांच्या रांगाच रांगा. तो पुढे अभ्यासकांच्या हाती आला तेव्हा तो कुठल्याच ओळखीच्या कुळात बसेना. जनुकांनी सांगितले की आज हयात असलेल्या त्याच्या सर्वांत जवळच्या नातलगांपासून हा वंश सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वी वेगळा झाला आहे. सांगाडा न मोडता क्ष-किरणांनी त्याचे आतले तुकडे पाहिले गेले आणि उत्तर फ्रान्समधल्या ज्युरासिक खडकांत सापडलेल्या बारीक तुकड्यांशी ते मिळतेजुळते निघाले. २०२१ मध्ये ऑफिओजुरा एक्सबोडी या नावाने त्याचे वर्णन प्रसिद्ध झाले, नवे कूळही मांडले गेले. सगळे एका नमुन्यावर. तो नमुना जाळ्यातून निसटला असता तर १८ कोटी वर्षांची ती फांदी आपल्याला ठाऊकच नसती.

आपल्या समुद्रांची गोष्ट याला जोडून आहे. मुंबईच्या गोदीत १८८१ मध्ये बांधलेली ‘इन्व्हेस्टिगेटर’ ही लाकडी आगबोट अरबी समुद्र आणि बंगालच्या उपसागराचे सर्वेक्षण करत होती. नकाशे करणे हे तिचे मुख्य काम. पण तिच्यावर निसर्गअभ्यासक म्हणून एक डॉक्टर असे. त्यांपैकी आल्फ्रेड अलकॉक यांनी तिच्यावरच्या अनुभवांवर १९०२ मध्ये पुस्तक लिहिले. तिने आणलेले खोल पाण्यातले भंगुरतारे फ्रान्सच्या रेने कोलर यांच्याकडे अभ्यासासाठी गेले आणि १८९९ मध्ये त्यांचा ग्रंथ कोलकात्याच्या इंडियन म्युझियमने प्रसिद्ध केला. हिंदी महासागराच्या उत्तर भागातल्या खोल पाण्यातल्या भंगुरताऱ्यांसाठी आजही त्या ग्रंथापाशी जावे लागते. कोलर यांनी पाहिलेल्या कितीतरी जातींची नव्या पद्धतीने तपासणी होणे बाकी आहे.

आणि वेळ थोडा आहे. २६ जानेवारी १९८१ रोजी गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या ‘गवेषणी’ जहाजाने समुद्रतळावरून मँगनीजचे गोटे पहिल्यांदा वर आणले. त्यानंतर मध्य हिंदी महासागरात ७५,००० चौरस किलोमीटरचा पट्टा अशा गोट्यांच्या शोधासाठी भारताच्या वाट्याला आला. निकेल, कोबाल्ट आणि तांबे त्यांत आहे. प्रशांत महासागरातल्या क्लॅरियन-क्लिपरटन पट्ट्यात अशाच गोट्यांच्या मैदानावर २०१९ मध्ये मॅग्डालिनी ख्रिस्तोदुलू आणि सहकाऱ्यांनी भंगुरताऱ्यांची जनुके तपासली. तिथे अनपेक्षित विविधता निघाली आणि सुमारे सात कोटी वर्षे स्वतंत्रपणे वाढलेले वंशही. हे गोटे एक सेंटिमीटर वाढायला लाखो वर्षे लागतात. उचलले की त्यांवर राहणाऱ्यांचा कठीण आधार कायमचा जातो.

२०२१ मध्ये भारताने खोल समुद्राची मोहीम मंजूर केली, माणसांना सहा हजार मीटर खाली नेणारी ‘मत्स्य’ पाणबुडी तयार होत आहे. यंत्रे येतील. त्यांनी वर आणलेल्या बरणीत काय आहे हे सांगू शकणारी माणसे मात्र आपल्याकडे फार थोडी आहेत. ज्यांना प्राणिशास्त्राची ओढ आहे आणि तासन्‌तास सूक्ष्मदर्शकापाशी बसण्याची चिकाटी आहे, अशा विद्यार्थ्यांनी वर्गीकरण हा विषय घ्यावा. गोव्याच्या संस्थेत आणि कोलकात्याच्या संग्रहात नमुने आहेत. जनुके वाचण्याची सोय आता आपल्या विद्यापीठांतही आहे. गोटे उचलण्याआधी तिथे कोण राहते याची यादी तयार झाली पाहिजे, आणि ती यादी आपल्या माणसांनी केली पाहिजे.